सहीमागचा हात

सकलैनला सही आठवत होती. सही करणारा हात आठवत नव्हता.

पाट्या रंगवणाऱ्या माणसाचे हे असेच होत असावे. नंदुरबारच्या बाजारातल्या निम्म्या दुकानांवरची नावे त्याच्या कुंचल्यातून उतरली होती, आणि दुकानदाराचा चेहरा विसरला तरी त्याच्या नावातला रफार कुठे वळला हे तो झोपेतही सांगू शकला असता. बदामबाईंची सहीही अशीच त्याच्या डोळ्यांत बसली होती. 'ब'चे पोट फुगलेले, 'द' किंचित वाकलेला, आणि शिरोरेघ शब्द संपल्यावरही उगाच बोटभर पुढे गेलेली. निरोप घेऊन झाल्यावरही दारात रेंगाळणाऱ्या बाईसारखी. पण तो शब्द कागदावर उमटताना आपण पाहिला, की उमटून वाळल्यावर? इथे येऊन त्याची आठवण थांबे, आणि कितीही हाका मारल्या तरी पुढे येत नसे.

नेमक्या याच प्रश्नावर फाल्गुनीभाभींचे घर उभे होते.

बदामबाई म्हणजे पलीकडच्या गल्लीतल्या सुमेरमल शेटजींच्या पत्नी. शेटजी होते तोवर घराच्या खालच्या मजल्यावर कापडाचे दुकान होते. ते गेले आणि दुकान बंद झाले. पुढे धाकटा मुलगा नमन लग्नाला दोन वर्षे होतात न होतात तोच अपघातात गेला. थोरला अरिहंत केव्हाच सुरतेला स्थिरावला होता. मागे उरल्या सासू आणि सून. नऊ वर्षे फाल्गुनीने म्हातारीचे पथ्यपाणी, उपास-पारणे, दुखणेखुपणे सारे निभावले. घर बदामबाईंच्या नावावर होते, आणि मूलबाळ नसलेल्या विधवा सुनेला कायद्याने त्यात वाटा पोहोचत नव्हता. म्हणून बदामबाईंनी मृत्युपत्र केले : घर फाल्गुनीला. खाली दोन साक्षीदार होते, कोरीटचे निवृत्त तलाठी रेवजीआप्पा आणि सकलैन.

बदामबाई गेल्या. कागद बनावट आहे, अशी हरकत अरिहंतने घेतली. तेव्हा फाल्गुनीने जिल्हा न्यायालयात प्रोबेटचा अर्ज केला. मृत्युपत्र खरे आहे असा न्यायालयाचा शिक्का मिळाल्याशिवाय तिला त्या घरात कुणी राहू देणार नव्हते. आणि खटला साक्षीपर्यंत पोहोचायच्या आतच रेवजीआप्पाही गेले.

"कायद्याले दोन साक्षीदार लागतस, सिद्ध कराले एक पुरस," रंजनाबाई वकील म्हणाल्या होत्या. त्या फाल्गुनीच्या वकील. कचेरीतला पंखा बंद होता आणि त्या फायलीनेच वारा घेत होत्या. "आते तो एक म्हंजे तूच."

"पण ताई, मले नीट याद येत नही..."

"काय याद येत नही? सही तुन्ही शे ना?"

"शे."

"म्हातारी समोर बठेल व्हती ना?"

"व्हती."

"मंग? लिखेल शे तेच सांगानं. इतला काबर घाबरी ऱ्हायना? कोर्ट काय वाघ शे का?"

त्यांनी प्रतिज्ञापत्र पुढे सरकवले. त्यात लिहिले होते : 'मयत बदामबाई यांनी सदर मृत्युपत्रावर माझ्या समक्ष सही केली.' हे वाक्य त्यांच्या संगणकात कायमचे वस्तीला होते. माणसे मरत, नावे बदलत, वाक्य तेच राही. सकलैनला विचारायचे होते, की 'समक्ष' म्हणजे नेमके काय. पण बाहेर बाकावर पाच पक्षकार बसले होते, आणि त्याला आयुष्यात कधीच रांगेत आपल्या मागे उभ्या असलेल्या माणसाला ताटकळत ठेवता आले नव्हते. त्याने सही केली.

त्यानंतर त्या वाक्याने त्याच्या डोक्यात बिऱ्हाड केले. प्रतिज्ञापत्राची प्रत तो दुकानात कुंचल्यांच्या डब्याखाली ठेवी आणि रोज वाची. पंधरवड्याने त्याला बदामबाई सही करताना दिसू लागल्या. त्यांची बांगडी कागदावर टेकलेली, लेखणी चिमटीत धरलेली. महिन्याने तर लेखणीची करकरही ऐकू येऊ लागली. हे खरोखर आठवते आहे, की वाचून वाचून रंगले आहे? एका अक्षरावर दुसऱ्या रंगाचा हात दिला की खालचा रंग कोणता होता हे रंगाऱ्यालाही सांगता येत नाही.

जेवताना त्याने हे अम्मीला सांगितले. खातूनबींनी पोळी त्याच्या ताटात टाकली. "वा रे मेरे गवाह! जो देखा नहीं वो याद है, और दही लाना याद नहीं."

मग ती हसली, आणि त्याचा चेहरा पाहून हसायची थांबली.

रंगाखालून जे अधूनमधून डोकावे ते वेगळेच होते. सहीचा तो दिवस चौदसेचा होता. चौदसेला बदामबाईंचे मौन असे. दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत त्या शब्द काढत नसत. रेवजीआप्पांना मात्र तेवढाच दिवस सवड होती. सकलैन दुकान बंद करून पोहोचला तेव्हा बदामबाई सामायिकात, जैनांच्या ध्यानाच्या बैठकीत, बसल्या होत्या. पांढरे आसन, तोंडावर कापडी मुहपत्ती बांधलेली, समोर वाळूचे घड्याळ. अठ्ठेचाळीस मिनिटांची ती बैठक संपेपर्यंत त्या जगातल्या कुठल्याच व्यवहाराला शिवत नसत. चौरंगावर कागद होता. फाल्गुनी मंदिरात गेली होती. आप्पा भिंतीला टेकून डुलक्या घेत होते. इतके स्वच्छ दिसे, आणि मग धुके.

न्यायालयात त्याचे नाव पुकारले गेले आणि तो साक्षीच्या कठड्यात उभा राहिला. कठड्याच्या लाकडावर आधीच्या साक्षीदारांच्या हातांनी झिजून गुळगुळीत झालेली एक जागा होती. त्याने हात तिथेच ठेवले. खरे सांगेन, अशी शपथ घेतली. पहिल्या बाकावर फाल्गुनी पदर सावरून बसली होती. दुसऱ्या टोकाला अरिहंत, केस पांढरे झालेला, गुडघ्यावर मोबाइल उपडा ठेवून.

अरिहंतचे वकील सावकाश उठले.

"बदामबाई धार्मिक होत्या?"

"हो."

"तुम्ही गेलात तेव्हा त्या काय करत होत्या?"

"बसल्या होत्या."

"तोंडावर मुहपत्ती होती?"

सकलैनने अरिहंतकडे पाहिले. हा प्रश्न कुठून आला हे त्याला कळले. आईचा दिनक्रम मुलाइतका कुणाला ठाऊक असणार? "होती," तो म्हणाला.

"म्हणजे सामायिक चालू होते. सामायिकात बसलेली बाई लेखणी हातात धरते?"

"नाही."

"मालमत्तेच्या कागदावर सही करते?"

"नाही... कधीच नाही."

"मग तुमच्या प्रतिज्ञापत्रात 'माझ्या समक्ष सही केली' हे कुणी लिहिले?"

रंजनाबाईंनी मान खाली घातली. सकलैनने बदामबाईंच्या सही करणाऱ्या हाताकडे मनातल्या मनात पुन्हा एकदा पाहिले. बांगडी होती, चिमटी होती, करकर होती. आणि त्याला एकाएकी दिसले की त्या हाताला चेहराच नाही. तो कुणाचाही हात होता. तो वाक्यातून उगवलेला हात होता.

"सही करताना मी त्यांना पाहिले नाही," तो म्हणाला. "मी गेलो तेव्हा कागदावर सही होती."

फाल्गुनीने डोळे मिटून घेतले. वकील न्यायाधीशबाईंकडे वळून वाकले आणि खाली बसले. आता विचारण्यासारखे काही उरले नाही, असे त्यांच्या बसण्यातच होते.

न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला. "थांबा. सामायिक संपल्यावर काय झाले?"

"त्यांनी मुहपत्ती सोडली. कागद ओढून घेतला. सहीवर बोट ठेवले, मग स्वतःच्या छातीवर ठेवले. मग आमच्या दोघांकडे पाहिले."

"काही बोलल्या?"

"नाही मॅडम. मौन होते."

"आणि तुम्ही तुमची सही केव्हा केलीत? त्यांनी बोट ठेवण्याआधी, की नंतर?"

हा प्रश्न त्याला कुणीच विचारला नव्हता. त्याने स्वतःलाही विचारला नव्हता. इतके महिने तो बदामबाईंचा हात शोधत राहिला, आणि विचारणा झाली ती त्याच्या स्वतःच्या हाताची. आप्पा कंटाळले होते. वाट पाहतानाच आम्ही सह्या उरकल्या असतील का? तसेही दिसू लागले. दोन्ही चित्रे शेजारी शेजारी उभी राहिली, सारखीच खरी, सारखीच खोटी.

"आठवत नाही," असे म्हणायला त्याने तोंड उघडले आणि तोंडातून निघाले ते निराळेच.

"नंतर. मी भलत्याच जागी सही करणार होतो. त्यांनी मला थांबवले, आणि कुठे करायची तिथे नखाने खूण केली. चंद्रकोरीसारखी. मी त्या खुणेवरूनच सुरुवात केली."

न्यायाधीशबाईंनी मूळ मृत्युपत्र मागवले. त्या उठून खिडकीजवळ गेल्या आणि कागद उजेडात तिरका धरला. बराच वेळ धरला. मग जागेवर येऊन लघुलेखकाला एवढेच सांगितले, "न्यायालयाने मूळ दस्तऐवजाचे अवलोकन केले." त्यांना काय दिसले ते त्यांच्या चेहऱ्यावर नव्हते.

बाहेर व्हरांड्यात रंजनाबाई त्याच्यावर कोसळल्या. "हाई पहिले काबर नही सांगं रे? ती सही तिन्हीच शे असं तिनं दखाडं, मंग तू सही करी, इतलंबी कायद्याले पुरस! मी तसंच लिखती ना!"

"तुमच्या बाकावर लोक बसेल व्हतात, ताई."

रंजनाबाई त्याच्याकडे पाहत राहिल्या. रागवावे की हसावे हे त्यांनाही ठरवता आले नाही.

अरिहंत पायऱ्यांवर उभा होता. त्याने सकलैनला हाक मारली ती लहानपणच्या नावाने. "सक्या. ते नखनं तुले कोणी सांगं?"

"कोणीच नही."

घरात बदामबाईंना सगळे मांसा म्हणत. "मांसा कपडाले खडू लावे नही. डाग पडस म्हने. नखवरी खूण करे, मंग कैची चाले." त्याने नकळत अंगठ्याचे नख स्वतःच्या बाहीवर दाबले. "दुकान बंद व्हयनं तव्हय तू इतलासा व्हता. तुले कसं मालूम ऱ्हाई?"

उत्तराची वाट न पाहता तो पायऱ्या उतरला. पुढच्या तारखेला त्याच्या वकिलांनी सांगितले की त्यांना आणखी कुणाला तपासायचे नाही, आणि हरकतीवर युक्तिवादही करायचा नाही.

सकलैनला हायसे वाटायला हवे होते. चार दिवस वाटलेही. पाचव्या दिवशी पाटीवर आखणी करताना त्याला आठवले, की इतलासा असताना तो त्या दुकानात गेला होता. ईदचा कुडता. अम्मीचा हात धरून गल्ल्याच्या उंचीचा तो उभा, आणि डोळ्यांसमोर निळ्या पॉपलिनवर एक गोरा अंगठा नख दाबतो आहे. चंद्रकोर उमटते, कात्री तिथून चालू लागते.

त्याच्या हातातली पट्टी सरकली. मग कागदावरचे नख कुठले? चौदसेच्या संध्याकाळचे, की त्या कुडत्यातून सुटून पंचवीस वर्षांनी न्यायालयात आलेले? मनाने गरजेपुरते उसने आणून तर दिले नाही? एका वाक्याने हात उगवू शकतो, तर एका प्रश्नाने नख का उगवू नये?

दोन महिन्यांनी निकाल लागला. प्रोबेट मंजूर झाले. फाल्गुनी निकालाची आणि मृत्युपत्राची नक्कल घेऊन त्याच्या दुकानात आली. तिने पेढे आणले होते, आणि ते ठेवायला जागा नव्हती म्हणून हातातच धरून उभी राहिली.

सकलैनने आधी निकाल चाळला. त्याच्याविषयी एक परिच्छेद होता. साक्षीदाराने स्वतःला अडचणीची ठरणारी बाबही लपवली नाही, सबब त्याच्या कथनावर विश्वास ठेवण्यास न्यायालयाला संकोच वाटत नाही. नखाबद्दल एक अक्षर नव्हते. मग त्याने मृत्युपत्राची नक्कल घेतली आणि दारात जाऊन उन्हात धरली, तिरकी, मग आणखी तिरकी. आपल्या सहीतल्या 'स'भोवती बोट फिरवले. नक्कल यंत्राने काढलेली होती. कागद सगळीकडे सारखाच सपाट होता.

"काय पाहता, भाई?"

"भाभी, ते नखाचे मी बोललो ना... ते त्या दिवशीचेच होते की नाही, मला आता सांगता येत नाही."

फाल्गुनीने पेढे दुसऱ्या हातात घेतले. रस्त्यावरून उसाने भरलेला ट्रॅक्टर पुरुषोत्तमनगरच्या कारखान्याकडे निघाला होता. त्याचा आवाज जाईपर्यंत ती थांबली.

"सही मांसांचीच होती ना?"

"होती. ती मी हजारात ओळखेन."

"आणि घर मलाच द्यायचे होते, हे तर खरे?"

"हे खरे."

"मग तुम्हाला अजून काय हवे आहे?"

सकलैनने नक्कल पुन्हा एकदा उन्हात तिरकी धरली. तिने एक पेढा त्याच्या तळहातावर ठेवला, कागद घेतले आणि आपल्या गल्लीकडे वळली. चालण्यात घाई नव्हती, घर आता कुठे जाणार नव्हते. सकलैन पेढा हातात धरून दारात उभा राहिला. मूळ कागद न्यायालयाच्या दप्तरखान्यात होता. अर्ज केला तर तो पाहायला मिळेल, असे रंजनाबाई म्हणाल्या होत्या. अर्ज साधा होता. एका पानाचा.

तो त्याने अजून केलेला नाही.