डावीकडचा खिसा

गेल्या वर्षापर्यंत माझा रुमाल मोज्यात राहायचा, बसचा पास पट्ट्याखाली आणि खोडरबर मुठीत. कारण आमच्या शाळेच्या स्कर्टला खिसाच नव्हता. तो का नाही, हे जिला विचारायचं ती माझी सख्खी आत्या. आमच्या घराखालीच तिचं शिलाईचं दुकान आहे.

"शाळेच्या स्कर्टला खिसा शोभत नाही," ओठांत टाचण्या धरून ती म्हणायची. टाचण्या तोंडात असलेल्या माणसाशी वाद घालू नये, त्याने एखादी गिळली तर पाप आपल्या माथी.

गणवेश आत्याकडूनच शिवायचा असा काही शाळेचा नियम नव्हता. दुसरं दुकानच नव्हतं, एवढंच. वासरांत लंगडी गाय शहाणी म्हणतात. आमची गाय तर चांगली धडधाकट होती, तिची शिवण ओढून बघा, कापड फाटेल पण टाका सुटणार नाही. पण कापड बेतायचा तिचा पुठ्ठ्याचा साचा माझ्या जन्माआधीचा. मुली उंच झाल्या, रुंद झाल्या, साचा खिळ्यावर तसाच लटकलेला.

मग यंदा समोरच्या बंद पडलेल्या घड्याळाच्या दुकानाचं शटर वर गेलं. आत एक शिलाई मशीन, एक इस्त्री आणि भरघोस मिशांचे एक काका. काचेत टांगलेला आमच्या शाळेचा स्कर्ट. त्याला खिसा. खिशातून एक पेन्सिल मुद्दाम डोकावत होती.

आठवडाभरात आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली खिशात हात घालून फिरायला लागल्या. त्यांची चालच बदलली. आणि आत्याच्या दुकानात दिवसभरात फक्त एक आजोबा आले, विजारीची नाडी घालून घ्यायला.

"दुकान बसलं तर मी त्या मोठ्या कारखान्यात जाईन," आत्या बॉबिन भरता भरता म्हणाली. "तिथे दिवसभर एकच बाही शिवतात. डावी तर डावीच. उजवी शेजारणीकडे."

ती हे हसत म्हणाली, पण मला ती एकटी बाही डोळ्यांसमोर दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी आत्या मुख्याध्यापिकाबाईंना भेटून आली. इतक्या वर्षांची ओळख. म्हणाली, शाळेने सूचना लावावी, गणवेश फक्त आमच्याच दुकानातून. बाई म्हणाल्या, विचार करून सांगते.

"आणि मग खिसा?" मी विचारलं.

"खिसा देईन की."

"काका गेल्यावर?"

आत्याने टाचण्या तोंडात घेतल्या.

मी पूर्वी इथेच गप्प बसले असते. यंदा वक्तृत्वात भाग घेतल्यापासून मला गप्प बसणं जमत नाही. "आत्या, इतकी वर्षं तुला कोण अडवत होतं? आधी त्यांच्यापेक्षा चांगला खिसा तरी करून दाखव."

"फार बोलायला लागलीस तू, भिंगरी," ती म्हणाली. मग जरा वेळाने, "जा, त्याच्याकडून एक स्कर्ट शिवून आण. तुझ्यासाठी म्हणून."

"माझ्यासाठीच तर आहे."

तो स्कर्ट मी एकच दिवस घातला. काय सांगू, आयुष्यातला सगळ्यात श्रीमंत दिवस होता तो. संध्याकाळी आत्याने माझ्या डोळ्यांदेखत तो उसवला, टेबलावर पसरला आणि खिशाची जागा आणि आकार पुठ्ठ्यावर उतरवून घेतला. घाईघाईत कापड बेतलं आणि ढीगभर स्कर्ट शिवून टांगले.

पहिला स्कर्ट मी घातला. उजवा हात खिशात घालायला गेले तर नुसती मांडी. खिसा डावीकडे.

आत्याने कापड उलटं पसरून आकार काढला होता. इतकी वर्षं खिशाशी संबंधच नव्हता, तेव्हा सुलटं कुठलं, उलटं कुठलं, हे हाताला कुठून कळणार? ती त्या ढिगाकडे बघत स्टुलावर बसली. "हात दाखवून अवलक्षण," म्हणाली. "आता तो मिशा पिळून हसेल."

पण उसवायला वेळ नव्हता. मी तसाच घालून शाळेत गेले. आणि बसमध्ये काय झालं सांगू? उजव्या हाताने मी दांडा धरला होता आणि डाव्या हाताने अलगद पास काढला. शेजारी काकांच्या खिशावाली मैत्रीण उभी होती, ती दांडा सोडून पास काढायला गेली आणि थेट एका आजींच्या मांडीवर जाऊन बसली. वर्गातही तेच. उजवा हात लिहितोय, डावा खोडरबर काढतोय. मधल्या सुट्टीपर्यंत मी इतका प्रचार केला की माझा घसा बसला.

त्या आठवड्यात टांगलेला ढीग संपला.

मग एका दुपारी काका स्वतः रस्ता ओलांडून आले. दारातच थांबले.

"ताई, राग मानू नका. डावीकडे का, ते विचारायला आलो."

आत्याच्या ओठांत टाचण्या होत्या. तिने त्या एकेक करून टाचण्यांच्या छोट्या उशीत टोचल्या, अगदी सावकाश. मी हसू दाबायला कापडाच्या ताग्यामागे गेले.

"मुलींचा उजवा हात बसच्या दांड्याला असतो," आत्या म्हणाली.

काकांनी कपाळावर हात मारला. "एवढं साधं. मला सुचायला हवं होतं."

"मलाही उशिराच सुचलं," आत्या म्हणाली. यात खोटं काहीच नव्हतं.

काका गेले ते थेट मशीनवर बसले. चार दिवसांत त्यांच्या काचेत दोन्ही बाजूंना खिसे असलेला स्कर्ट.

"बघ, चोर कुठला," आत्या फणफणली.

"आणि आपण उसवला होता तो?"

"ते निरीक्षण होतं."

पण त्या दिवसापासून आत्या वेगळीच वागायला लागली. जेवताना मध्येच उठून मला उभी करायची, कंबर मोजायची. "तुझे स्कर्ट आखूड का होतात गं दरवर्षी?" मी म्हटलं, मी वाढते म्हणून. हे तिने पहिल्यांदाच ऐकल्यासारखा चेहरा केला. मग पट्ट्याच्या आत एक लपवलेली दुमड घालून बघितली, वरचा एक धागा ओढला की स्कर्ट बोटभर लांब व्हावा म्हणून. पहिला धागा ओढला तर पूर्ण घेरच सुटून माझ्या पायात आला. आम्ही दोघी हसून हसून जमिनीवर बसलो.

तेवढ्यात मुख्याध्यापिकाबाई दुकानात आल्या. आत्या मशीनवर, मी पटकन टेबलाखाली.

"तुमचं म्हणणं मान्य आहे," बाई म्हणाल्या. "उद्या सूचना लावते. गणवेश फक्त तुमच्याकडून. झालं समाधान?"

मला टेबलाखालून फक्त आत्याचे पाय दिसत होते. ते मशीनच्या पायडलवर होते, आणि थांबले होते. मला कारखान्यातली ती बाही आठवली. तिने हो म्हटलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

"राहू द्या, बाई," आत्या म्हणाली.

"अहो, तुम्हीच तर आला होतात."

"आले होते. पण समोरचा गेला की मी पुन्हा झोपेन. मला माझा स्वभाव माहीत आहे."

"आणि धंदा गेला तर?"

"गेला तर माझ्या शिवणीने जाईल. सूचनेने टिकलेला नको." मग म्हणाली, "सूचना लावायचीच असेल तर एवढीच लावा, की रंग आणि कापड शाळेचं. शिवायचं कुठे आणि खिसे किती, ते मुलींना ठरवू द्या."

बाईंनी चष्मा नीट केला. "दोन्ही बाजूंना खिसे शिस्तीत बसतात का?" असं त्यांनी विचारलं तेव्हा मला राहवलं नाही. मी टेबलाखालूनच म्हटलं, "बाई, तुमच्या साडीला असता तर तुम्ही खडू पर्समध्ये शोधला नसता."

बाईंचं हसू ऐकू आलं, आणि आत्याची चप्पल माझ्या घोट्याला लागली.

धागा ओढायचं प्रकरण जमायला पुढे बरेच दिवस गेले. आता जमलंय. अर्ध्या मुली काकांकडे शिवतात, अर्ध्या आमच्याकडे, आणि काही चतुर मुली दोन्हीकडे भाव करून मग ठरवतात. जुना साचा आत्याने खिळ्यावरून काढून इस्त्री टेकवायला घेतला आहे.

आज सकाळी समोरच्या काचेवर आतून कागद लावलेला दिसला. मागे काहीतरी नवीन चाललंय.

"भिंगरी," आत्या म्हणाली, "जरा जाऊन निरीक्षण करून ये."

मी दोन्ही हात खिशात घातले आणि रस्ता ओलांडला.