डाव्या वाटेवरचे दगड

रविवारी माझ्या तोंडात शिव्या फार येतात. बाहेर पडू देत नाही, कारण आमच्या वाडीचं सगळं रविवारवरच चालतं. सकाळी आठपर्यंत वडखळच्या बाजूने गाड्या येऊन पायथ्याला लागतात, काही जण रोह्याला रेल्वेने उतरून रिक्षाने येतात, आणि सगळ्यांना एकाच वेळी पोहे, चहा आणि संडास हवा असतो. मग विचारतात, वर काय आहे? वर डोंगर आहे, दुसरं काय असणार. हे मी मनात म्हणते आणि तोंडाने सांगते, की पठार आहे, पाण्याचं टाकं आहे, आणि ढग नसले तर कुंडलिका नदी थेट खाडीपर्यंत दिसते. जुलैत ढग नसतील असं होत नाही, ते मात्र सांगत नाही.

वाटाड्या घ्या म्हटलं तर मोबाइल दाखवतात. त्यात वाट आहे म्हणे.

त्या रविवारी साडेअकराला पहिली तुकडी खाली उतरून जेवायला बसली होती. दुसरी तुकडी अर्ध्या तासापूर्वीच वर गेली होती. चौदा जण, त्यांचा म्होरक्या प्रविण, पनवेलचा. मी भाकऱ्या वाढत होते. पहिल्या तुकडीतली किमया नावाची एक पोरगी सकाळपासून ताई ताई करत माझ्या मागे होती. तिने मोबाइल माझ्यापुढे धरला.

फोटोत सहा पोरी हसत उभ्या होत्या आणि त्यांच्या मधोमध कमरेइतका दगडांचा ढीग होता. किमया म्हणाली, आम्ही पण एकेक दगड ठेवून आलो, सगळेच ठेवतात. अर्ध्या वाटेवर, डावीकडे. दगडावर दगड रचलेले दिसले की वाट बरोबर समजायची, असं त्यांच्या म्होरक्याने शिकवलं होतं. तिकडे गेलो, पण पुढे काही सापडेना म्हणून परत फिरलो, असंही ती म्हणाली.

भाकरी माझ्या हातातच राहिली. तो ढीग माझ्या नवऱ्याचा आहे.

आमच्यात कोणी डोंगरात पडून गेलं, तर त्या जागी दगड ठेवतात. घरचं माणूस तिकडे गेलं की एकेक वाढवतं. गेलेल्याला एकटं वाटू नये म्हणून, असं जुनी माणसं सांगतात. ठेवलेला दगड परत उचलायचा नसतो.

केरू चार वर्षांपूर्वी भादव्यात गेला. चुकलेलं करडू शोधायला डाव्या वाटेने गेला, शेवाळावर पाय सरकला आणि कड्याखाली गेला. त्याआधी तो डोलवीला कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर होता. शिफ्टपायी घरात नवरा दिसत नाही म्हणून मीच ते सोडायला लावलं. म्हटलं, डोंगर तुला पाठ आहे, लोकांना डोंगर दाखव. या गोष्टीचा मला अजून राग येतो आणि तो काढायला माझ्याशिवाय दुसरं कोणी सापडत नाही.

ढीग कड्यापासून दहा पावलांवर आहे. तिथे माणसापेक्षा उंच कारवी होती, त्यामुळे बाहेरच्या कोणाला तो कधी दिसला नाही. मागच्या पावसाळ्यात कारवी फुलली. फुलली की ती वाळतेच. थंडीत मी ती तोडून आणली, कारण पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायच्या होत्या आणि पाहुण्यांना कुडाच्या भिंती आवडतात. सगळ्यात सरळ काठ्या तिथेच होत्या. तोडून झाल्यावर वाट फुटते तिथून ढीग उघडा दिसायला लागला. मला बरंच वाटलं होतं. म्हटलं, येताजाता केरू दिसेल.

जूनपासून तो ढीग वाढत होता, हे मी पाहिलं होतं. मी अमावास्येला जाते. माझी सासू धोंडुबाई, तिला मी आय म्हणते, ती दर शनिवारी जाते. मला वाटलं, हल्ली आय मला न सांगता रोज जात असणार. म्हातारीला लेक आठवतो, विचारून कशाला दुखवा, म्हणून मी गप्प राहिले. तिथे माणूस पडला हे ज्याला माहीत आहे, त्याला तो ढीग म्हणजे पुढे जायची खूण कसा वाटेल? हे माझ्या डोक्यातच आलं नाही. बारावी शिकलेय मी, आणि एवढं कळलं नाही.

प्रविणला फोन लावला. लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा तेच. वर रेंज नसते हे मला माहीत आहे, तरी अंगणात जाऊन लावला, गोठ्यामागे जाऊन लावला. डोंगराकडे पाहिलं तर अर्ध्याच्या वर काही नव्हतं, नुसता पांढरा ढग. आयला म्हटलं, तू वाढ, मी वर जाऊन येते. पाहुणे टाकून कुठे चाललीस म्हणून तिने विचारलं. तोवर मी अंगणाबाहेर होते.

ढिगापर्यंत तासाची चढण आहे. मी पळतच निघाले. डोकं एका जागी थांबेना. म्होरक्या बरोबर आहे, त्याला कळत असेल. डोळे आहेत की त्यांना. किमया आणि तिच्या मैत्रिणी आल्या ना परत. पण त्या गेल्या तेव्हा ढग वर होता. आता खाली आला होता आणि मला माझीच पावलं नीट दिसत नव्हती. दोनदा पडले, गुडघा फुटला, आणि त्या अवस्थेतही मी केरूला शिव्या देत होते. तू असतास तर मला पळावं लागलं नसतं.

वाट फुटते तिथे चिखलात बुटांचे ठसे होते. सगळे डावीकडे वळलेले.

ढिगाभोवती बरीच जणं चिवडा खात उभी होती. मोजली तर अकरा. बाकीचे कुठे विचारलं तर एक जण म्हणाला, प्रविण दोघांना घेऊन पुढची वाट बघायला गेलाय, आत्ताच. मी ओरडले, "प्रविण, हाय तिथंच खाली बस. तिघं पन बसा. उभं रहायचं नाय."

ढगातून प्रविणचा आवाज आला, पुढे उतार आहे, वाट असेल. मी आवाजावर गेले, शेवटची पावलं रांगतच. तो उभाच होता, केरू सरकला त्याच शेवाळावर, आणि ते दोघे त्याच्या मागे. मी त्याच्या सॅकचा पट्टा धरून त्याला खाली बसवला. पुढे काय आहे ते सांगावं लागलं नाही. वाऱ्याने ढग जरासा हलला आणि त्याला त्याच्या बुटाच्या पुढे, खूप खाली, झाडांचे शेंडे दिसले. तिघे बसूनच मागे सरकत आले.

ते ढिगाजवळ पोचले आणि मी ढिगावरचा पहिला दगड उचलला. मी तो दरीत टाकला, मग दुसरा टाकला. प्रविण घाबरलेला होता तरी म्हणाला, खूण कशाला काढता, ती थोडी बाजूला लावूया.

"ही खूण नाय," मी म्हटलं. "इथं माझा नवरा पडला."

नंतर एक दोघे मदतीला पुढे आले, पण मी कोणाला हात लावू दिला नाही. मी पाहत होते की आमचे दगड तरी वेगळे काढून ठेवता येतील. आम्ही ओढ्यातले गोल दगड नेत होतो. पाहुण्यांनीही वाटेतल्या ओढ्यातूनच उचलले होते. चार वर्षांचे आमचे आणि दीड महिन्याचे त्यांचे, काही ओळखू येईना. मग सगळेच टाकले. त्या चौदा जणांसमोर मी मोठ्याने रडले आणि टाकत राहिले.

घरी आल्यावर आयला सगळं सांगितलं. ती चुलीपुढे बसली होती. दगड काढायचा नसतो, हे मला तिनेच शिकवलेलं, त्यामुळे ती काय म्हणेल याची मला धास्ती होती.

"मला वाटलं, तूच जातेस गो रोज," ती म्हणाली. "म्हनून मी काय बोलले नाय."

मी म्हटलं, मला वाटलं, तू जातेस.

चुलीतलं लाकूड मागे ओढत तिने विचारलं, "कुनी पडलं नाय ना?"

"नाय."

"मंग बरं केलंस." एवढंच म्हणून ती उठली. रात्री जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी मी डाव्या वाटेवर काटेरी फांद्या टाकून आले. शनिवारी कोणीतरी फोटोसाठी त्या बाजूला सारल्या. पाटी लावूया, असं मी म्हटलं. आय म्हणाली, पाटी कोण वाचतंय. रविवारी उजाडताच प्लास्टिकची खोळ डोक्यावर घेऊन ती वर गेली आणि वाट फुटते तिथे बसली. तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी ती तिथेच असते. पाहुण्यांशी कधी शब्द न बोललेली बाई.

ती तिथे काय सांगते ते मला पुन्हा तुकडी घेऊन आलेल्या प्रविणकडून कळलं. चार वर्षांत आय घरात केरू मेला असं कधी म्हणालेली नाही. केरू वर हाय, असंच म्हणते. कोणी विचारलं तरी, आणि माझ्याशी बोलतानाही. आता वर जो येईल त्याला ती सांगते, "तिकडं जाव नका. माझा लेक तिथं पडून मेला."

परवाच्या रविवारी नऊ तुकड्या वर गेल्या. मी खाली पोहे वाढत होते आणि एकेक तुकडी निघाली की मनात मोजत होते, आता तिला ते पुन्हा म्हणावं लागणार.