पहिला गाभा

पहिला गाभा दाताखाली धरायचा आणि का ते विचारायचं नाही. आमच्या शेडमधला हा नियम माझ्याहून जुना आहे. मी तिथलाच साचा. पोलादाचे दोन जबडे, चार भोकं, लाकडी मुठी. माझं मत कुणी मागितलेलं नाही, तरी मी बोलणार आहे.

अरविद ट्वाइट अमेरिकेत, मॉन्टानातल्या रेल्वेच्या कारखान्यात नोकरीला होता, तेव्हा जेवणाच्या सुट्टीत त्यानं मला घडवलं. भोकं इतकी सारखी पाडली की माझ्यातून निघालेल्या गाभ्यांच्या वजनात केसाएवढाही फरक पडत नाही. याचा मला गर्व आहे आणि तो मी लपवत नाही.

माझ्यात वितळलेलं शिसं ओततात. ते थिजलं की माझे जबडे उघडतात आणि पेन्सिलीच्या तुकड्यांसारखे चार गाभे टेबलावर पडतात. त्यांना पितळेचं कवच चढलं की बंदुकीची गोळी तयार. लहान बंदुकीच्या रिकाम्या पुंगळ्या वर्षभर जमवून हाल्वर, म्हणजे अरविदचा धाकटा भाऊ, ती कवचं करतो. अशा घरच्या गोळ्यांवर, मधली काही वर्षं सोडली तर, या घरानं चाळीस हिवाळे एल्क हरणाचं मांस खाल्लं.

गाभ्याला शिसं मऊच लागतं. भंगारातलं कडक निघालं तर गाभ्यावर कवच दाबणाऱ्या यंत्राचा ठसा बिघडतो. म्हणून दाताची परीक्षा. वण उठला की माल चांगला. आणि चावायचं कुणी, तर शेडमध्ये जो नवा आला असेल त्यानं. चावला की तो ट्वाइट झाला, असं अरविद मोठ्या थाटात सांगतो.

मधली नऊ वर्षं मी कॉफीच्या डब्यात गंजत पडलो होतो. बाजारात आयत्या गोळ्या मिळत होत्या, मग मला कोण विचारतो? एके वर्षी दुकानातल्या गोळ्यांच्या फळ्या रिकाम्या झाल्या आणि सगळ्यांना माझी आठवण आली. गंज घासताना अरविद माझ्याशी फार गोड बोलला. मी ते गोड बोलणं ऐकून घेतलं, पण डबा विसरलो नाही.

त्याच वर्षी त्याची नात सिग्ने हिनं पहिला गाभा चावला. नऊ वर्षांची होती. बाहीला तोंड पुसत तिनं विचारलं, नखानं बघितलं तर चालत नाही का? हाल्वर म्हणाला, चावायचं, बडबडायचं नाही. पुढे ती मिसूलाच्या विद्यापीठात रसायनशास्त्र शिकायला गेली. तिथे पाणी उकळायला तरी शिकवतात का, असं हाल्वर दर सुट्टीत न चुकता विचारतो.

यंदा शिकारीचा हंगाम आठवड्यावर आला तेव्हा शेडमध्ये नवीन होती कोरीन, सिग्नेच्या भावाची बायको. पाचवा महिना लागलेला. अरविदनं पहिला गाभा निववून तळहातावर तिच्यापुढे धरला. कोरीननं भीतभीत हात पुढे केला. तिचा नवरा एरलिंग बुटांकडे बघत उभा होता.

सिग्नेनं तो गाभा मधेच उचलला. "थांब वहिनी. आजोबा, ती चावणार नाही."

"आलं बाई कॉलेज," हाल्वर हसला.

"तुझी आजी चावली, तुझी आई चावली," अरविद म्हणाला. "कुणाला काय झालं?"

"कुणी तपासलंय? आईच्या रक्तातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत जातं, आजोबा. त्याच्या मेंदूचं नुकसान पुन्हा भरून येत नाही."

एवढ्याशानं काय होतंय, असं हाल्वर पुटपुटला. मी त्याच टेबलावर उघडा, निवत पडलो होतो. मला ओरडून सांगावंसं वाटलं, की मी गाभे घडवतो ते एल्कसाठी, पोटातल्या पोरासाठी नाही. माझ्या नावावर हे खपवू नका.

सिग्नेनं अंगठ्याचं नख गाभ्यावर दाबून ओढलं. लखलखीत रेघ उठली.

"शिसं मऊ आहे. झाली परीक्षा. नख धुता येतं, पोटात गेलेलं धुता येत नाही. आता दात कशाला हवा, ते सांगा."

"पद्धत आहे," अरविद म्हणाला.

"का?"

कोरीननं हात कोटाच्या खिशात घातला. सिग्नेनं माझ्या मुठी पकडून मला उचललं आणि छातीशी धरलं.

"या घरात यापुढे कुणी चावणार नाही. हिनं नाही, हिच्या बाळानंही नाही. ही पद्धत चालवायची असेल, तर आधी हा साचा माझ्या हातातून काढून घ्या."

अरविदचे जबडे माझ्यासारखेच उघडले. आतून काहीच पडलं नाही.