सोललेले वाल

अंधेरीच्या पूर्वेला एका कारखान्याची भिंत सरळ जाता जाता मध्येच आत वळते, एका बावडीला आणि तिच्या कडेच्या खाचराला वळसा घालते आणि पुन्हा सरळ होते.

वाल राखेत ठेवले तर त्यांना कीड लागत नाही.

१९५६ सालच्या फेब्रुवारीला एकोणतीस दिवस होते.

ईस्टरआधीच्या उपासाच्या दिवसांतल्या शुक्रवारी मांस-मच्छीचं काय ते घरात बोलायचंसुद्धा नाही, असं पर्पेच्युआच्या सासूचं म्हणणं असे. पर्पेच्युआने ते मच्छीपुरतं कधी मानलं नाही.

“आये, हात धू. बिरडं केलंय, झकास!”

ही हाक क्लाराची, तिच्या सुनेची. चर्चमधून नुकतीच आलेली पर्पेच्युआ उंबऱ्यातच थांबली. चुलीवरच्या टोपात नारळाच्या रसात वाल रटरटत होते. पाटाशेजारी सालींचा ढीग. परातीत आणखी वाल, सोलून गुळगुळीत झालेले. आणि खुंटीवरचं ओलं फडकं जवळजवळ रिकामं.

“कुठले वाल घेतलेस?”

“फडक्यातले. काय मोड आले होते गं!” मग क्लाराने सासूच्या तोंडाकडे पाहिलं. “का? काय झालं?”

“ते बियाणं व्हतं.”

क्लाराची चूक म्हणावी तर कशी? या घरात ओल्या फडक्यात वाल बांधले की त्यांचं एकच होतं, बिरडं. पेरायचे वाल कोरडेच टाकतात. भात कापून झालं की खाचरातल्या ओलीत, नोव्हेंबरात. मोड आणून पेरणारी बाई गावठाणात आजवर झाली नव्हती. पण हा नोव्हेंबर नव्हता, खाचरात ओल नव्हती आणि पर्पेच्युआपाशी दिवस नव्हते.

नोव्हेंबरात तिचा नवरा ह्युबर्ट गेला. खाचर तसंच राहिलं. या फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात सरकारी कचेरीतून विद्याधर नावाचा कारकून आला, छत्री टेकत बांधावरून फिरला आणि म्हणाला, “बाई, हे तर पडीक आहे. कारखान्यासाठी जमीन घेताहेत. फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी मी पुन्हा येईन. तेव्हाही पडीक दिसली, तर ताबा महिन्याभरात. पीक उभं असलं, तर मात्र तुमचं म्हणणं ऐकून घ्यावं लागेल.”

“कोणाला?”

“साहेबांना.”

“मंग या तुम्ही,” पर्पेच्युआ म्हणाली.

त्या दिवशी खाचरात पीक उभं दिसायला हवं, एवढंच तिचं ठरलेलं होतं. त्यासाठी राखेच्या मडक्यातलं सगळं बियाणं तिने भिजत घातलं होतं.

*

मुलगा बेसिल दुपारी आला. एका फिल्म स्टुडिओत तो सुतार होता. खोटी घरं, खोटे जिने उभे करायचा. ऐकलं आणि हसायला लागला. “आये, वाट लागली आपली! स्टुडिओतून कागदाची झाडं आणू? लांबून एकदम खरी वाटतात.”

“तुझा बाप असता ना, थोबाड फोडलं असतं तुझं.”

“बाप असता तर हे झालंच नसतं गं. आणि किती दिवस अडवशील? आज वाल लावशील, उद्या?”

“उद्याचं उद्या. तू कुदळ घे.”

फडक्यात मूठभर वाल साल न काढलेले उरले होते. ते तिने बाजूला ठेवले. मग परात पुढ्यात ओढली आणि सोललेल्यांतून कोंब न तुटलेले एकेक निवडायला बसली. क्लारा डोळे पुसत समोर आली.

“आये, सोललेले कधी रुजतात काय?”

“जिवंत हायत ना? मंग त्यांनला इचारू.”

“कुजतील गं.”

“कुजतील ते कुजतील. तू निवड. आणि रडू नको, खारं पाणी चालत नाय वालाला.”

क्लारा रडता रडता हसली. टोपातलं बिरडं त्या दिवशी तिघांनी खाल्लं. पर्पेच्युआने दोनदा वाढून घेतलं. ते बियाणं टाकून द्यायला तिचा जीव धजेना.

शनिवारी बेसिलने दुकानातून शेरभर वाळके वाटाणे आणले, गुपचूप, आणि स्वतःच भिजत घातले. रविवारी चर्चमध्ये मिस्साची घंटा होत असताना तिघं खाचरात होती. बेसिल कुदळीने रेघा ओढत होता, क्लारा बावडीतून पाणी शेंदत होती आणि पर्पेच्युआ लुगड्याचा काष्टा खोचून, गुडघ्यांवर बसून, बोटाने भोक पाडून एकेक दाणा कोंब खाली करून ठेवत होती. बांधावरून चर्चला निघालेली शेजारीण विमला थांबली.

“पर्पेच्युआ! रविवारचं काम? पाप लागंल ना!”

“लागू दे. दोन तांबे पाणी घालून जा, म्हंजे तुला पण लागंल.”

विमलाने खरंच पाणी घातलं.

पुढचे दहा दिवस सकाळ-संध्याकाळ बावडी आणि खाचर. सातव्या दिवशी वाटाणे फुटले, इथे-तिथे. सालीचे वाल आठव्या दिवशी मान वाकवून वर आले. सोललेल्यांच्या तीन रेघांत काहीच नाही. अठ्ठावीस तारखेला संध्याकाळी क्लाराने तिथली माती बोटाने उकरून पाहिली आणि पुन्हा झाकली. 

*

एकोणतीस तारखेला विद्याधर छत्री घेऊन आला. खाचराकडे पाहिलं, चष्मा पुसला, पुन्हा पाहिलं.

“हे काय आहे, बाई?”

“वाल. वाटाणे.”

“फेब्रुवारीत?”

“मला आत्ताच सवड झाली.”

“चार बोटांची रोपं! याला उभं पीक म्हणायचं?”

“तुमचा पोरगा रांगत व्हता तवा त्याला माणूस म्हणत नव्हतात काय?”

हसू लपवायला बेसिलने तोंड फिरवलं. विद्याधरच्या डोक्यात मात्र शंका शिरली होती. तो वाकला आणि एक रोप चिमटीत धरून उपटलं. त्याला वाटलं होतं, नुसतं खोचून ठेवलेलं असेल. रोप अखंड वर आलं, पांढरं मूळ करंगळीएवढं लांब, मातीचे कण घट्ट धरून.



“झाली खात्री?” पर्पेच्युआ म्हणाली. “आता लावा परत.”

“मी?”

“उपटलं कोणी?”

विद्याधरने छत्री क्लाराकडे दिली. धोतर सावरत तो उकिडवा बसला आणि बोटाने भोक पाडून रोप आत ठेवलं. “दाबा अजून. मूळ उघडं नको.” त्याने दाबलं. तिने वरून ओंजळभर पाणी घातलं. तो उठता उठता थांबला, कारण शेजारच्या रेघेत माती तडकली होती आणि फटीतून काहीतरी हिरवट, साल नसलेलं, वाकडंतिकडं वर यायला बघत होतं.

“आणि हे?”

“हे आमच्या सुनेचं,” पर्पेच्युआ म्हणाली. “हे पण लिवा.”

तीन रेघांत तशी पाचच होती. क्लारा छत्री छातीशी धरून ती पुन्हा पुन्हा मोजत होती.

विद्याधरने कागद बाहेर काढला. ‘पडीक’ हा शब्द त्याने कचेरीतूनच लिहून आणला होता. तो खोडून वर लिहिलं : पिकाखाली. वाल व वाटाणा. सुनावणी व्हावी. कागदावर त्याच्या मातकट अंगठ्याचा ठसा उमटला. तो त्याने पुसायला घेतला आणि तसाच राहू दिला.

ह्युबर्ट नोव्हेंबरात उंबऱ्यावर कोसळला तेव्हा तो वाल पेरायलाच निघाला होता, आणि त्याच्या खांद्यावरच्या पिशवीची गाठ सुटलेली नव्हती; तेच वाल पर्पेच्युआने राखेच्या मडक्यात ठेवले होते.