ताईच्या गोधडीचे काठ

ताई गेली तेव्हा तिच्या गोधडीचं मधलं अंग जोडून झालं होतं, काठ तेवढे राहिले होते. आठ महिने खपून तिने तुकड्याला तुकडा जोडला होता, दूरच्या शहरात राहणाऱ्या आपल्या मुलासाठी. त्याचा पलंग मोठा, म्हणून चारी बाजूंनी वीतभर रुंद निळी पट्टी लावायची. कापडही आणून ठेवलं होतं.

ते काम आता तिच्याबरोबर राहणाऱ्या धाकट्या बहिणीच्या अंगावर पडलं. धाकटीची हयात पोस्टाच्या खिडकीवर शिक्के मारण्यात गेलेली. सुई हातात धरायची ती बटण तुटलं तरच. ताई तिला लाडाने ‘घाईबाई’ म्हणायची, आणि ते काही खोटं नव्हतं. तिने लांबच लांब पट्टी घेतली, गोधडीच्या कडेला लावून ताईचं मशीन धडाधड हाकललं आणि शेवटी उरलेलं टोक कापून टाकलं. गोधडी जमिनीवर पसरली तर काठ लाटांसारखा वरखाली!

“मशीनच बिघडलंय,” ती रिकाम्या खोलीला म्हणाली. नाचता येईना अंगण वाकडं.

शेवटी गोधडी काखोटीला मारून ती जिना उतरली. तिच्या खिडकीखालीच शिंप्याचं दुकान होतं. म्हाताऱ्याने चष्मा कपाळावर चढवला.

“कडेवरून माप घेतलंत ना?”

“मापच नाही घेतलं.”

“उत्तम!” तो हसला. “अहो बाई, कडा हाताळून हाताळून सैल पडते. माप पोटातून घ्यायचं, मधोमध. तेवढीच पट्टी कापायची. आधी मध्य जुळवा, मग टोकं, टाचण्या लावा, मगच शिवा. आणि हे सगळं आधी उसवा.”

उसवायला दोन दिवस लागले. टाके बारीक, नजर अधू. दुसऱ्या दिवशी दुपारी मान वर न करताच ती म्हणाली, “अगं, ती छोटी कात्री दे बरं इकडे.” हात पुढे केलेला तसाच राहिला. मग तिने तो मागे घेतला, चष्मा पुसला आणि उठून कात्री स्वतःच आणली.

या वेळी घाई केली नाही. आधी लांबीचे दोन काठ, मग पुन्हा मधोमध माप घेऊन रुंदीचे दोन. खाली अस्तर घालून सगळीकडून धावदोरा घातला. चौथा कोपरा पुरा झाला तेव्हा गोधडी जमिनीवर अशी सपाट पडली की ती किती तरी वेळ तिच्याकडे बघत उभी राहिली. दाखवावं असं घरात कुणी नव्हतं. तिने भाच्याला फोन लावला.

“झाली रे गोधडी! आईने केलेली. काठ मी लावले.”

“अरे वा, मावशी!” मागे कुणाचे तरी आवाज येत होते. “पण अगं, इथे ठेवायला जागा कुठेय? तूच वापर ना. आईची आठवण म्हणून.”

“हो, तेही खरंच,” ती म्हणाली. “जेवलास का?”

तो मीटिंगमध्ये होता.

आठवड्याने जिन्याशी शिंप्याने हटकलं. “काय बाई, पोचली का गोधडी?”

“पोचली,” ती चटकन म्हणाली. “फार आवडली त्याला. काठ बघून तर विचारतच होता, कुणी शिकवलं म्हणून.”

म्हाताऱ्याचा चेहरा असा खुलला की आता माघार घेणं शक्यच नव्हतं.

पण थाप निस्तरावी लागतेच. गोधडीला ऊन दाखवायची वेळ आली आणि तिच्या लक्षात आलं, ती खिडकीवर टाकायची सोय उरली नाही, खाली म्हातारा बसलेला. मग तिने दोन खुर्च्या आत, उन्हाच्या पट्ट्यात ठेवल्या आणि त्यांच्या पाठींवर गोधडी पसरली. ऊन सरकलं की ती उठायची, खुर्च्या थोड्या पुढे ओढायची आणि पुन्हा बसायची. असं ऊन भिंतीवर चढेपर्यंत चाललं.