वाटपाची पेटी

आमदारसाहेबांच्या गाडीच्या डिकीत एक पत्र्याची पेटी असे. तिच्यात मुलांसाठी गोष्टींची दोन डझन पुस्तकं होती, आणि ती दोन डझन पुस्तकं आजवर अकरा शाळांना वाटून झाली होती. इतकं वाटूनही ती संपली नव्हती, इतकंच नव्हे तर एकाचंही पान दुमडलेलं नव्हतं.

या चमत्काराचं श्रेय साहेबांच्या सहायकाचं. मुलांच्या हाती पुस्तकं द्यायची, साहेबांना मधोमध उभं करायचं, फोटो निघाला की पुढे व्हायचं. "शिक्का मारायचा राहिलाय, बाळांनो, उद्या-परवा आणून देतो," असं म्हणत भराभर गोळा करायची आणि पेटी बंद. मुलं निमूट देत. मोठ्यांच्या उद्या-परवाचा अर्थ मुलांना फार लवकर कळतो.

साहेबांचं बातमीपत्रही हा सहायकच लिही. मतदारसंघात कुठे काय घडलं, ते दर महिन्याला घरोघरी जाई. छापखान्याला मजकूर आधी लागायचा, म्हणून घडायच्या आधीच सगळं 'घडलं' असं लिहून टाकायचं. आजवर कधी अडलं नव्हतं.

त्या दिवशी बाराव्या वाटपाला तो एका जुन्या शिवणकामाच्या दुकानामागच्या खोलीत शिरला. शिंपी केव्हाच दुकान आवरून गेला होता. भिंतीवर रंगवलेली मापाची पट्टी तेवढी राहिली होती. मुलं येता-जाता तिला पाठ लावून आपली उंची बघत. निवृत्त झालेल्या बाई तिथे दुपारचा वाचनवर्ग चालवत. सहायक त्यांचाच विद्यार्थी. तो आत आला तसं बाईंनी चष्म्यावरून बघितलं.

"आला का गडबड्या!"

सगळा वर्ग खिदळला.

"बाई, मुलांसमोर तरी..."

"मुलांसमोरच ठेवलं होतं ते नाव. तेव्हा चाललं की तुला. बूट बाहेर काढ."

बूट काढून त्याने पेटी उघडली. नव्या कागदाचा वास खोलीभर पसरला. बाईंच्या वर्गात पुस्तकं म्हणजे दोन, तीही इतकी हाताळलेली की मुलांना तोंडपाठ होती. एरवी वाचायला काय, तर साहेबांचं बातमीपत्र. कागद गुळगुळीत, टाइप मोठा आणि येतंही फुकट.

पुस्तकं हातोहात गेली. मुंगी नावाच्या सगळ्यात लहान मुलीला अस्वलाचं पुस्तक मिळालं. ती वर्गात कधी मोठ्याने वाचत नसे. बाई तिला आग्रहही करत नसत. रोज नुसतं शेजारी बसवून घेत. आज पुस्तक उघडल्या उघडल्या तिचे ओठ हलायला लागले.

तेवढ्यात ड्रायव्हरचा फोन आला. साहेब बसथांब्याच्या उद्घाटनात अडकले होते; फीत कापायची कात्री सापडत नव्हती. सहायक बाहेर गेला. पुढच्या शाळेच्या मुख्याध्यापिकेला "निघालोच" म्हणून सांगितलं, कात्रीवाल्याला झापलं, आणि घाम पुसत आत आला.

खोलीत चिडीचूप. सगळ्या माना खाली आणि सगळ्यांच्या हातात पेनं.

"बाई! काय चाललंय हे?"

"नावं घालतायत. पुस्तक हातात आलं की आधी पहिल्या पानावर नाव. तुला नव्हतं शिकवलं?"

"अहो, पण पेनानं? पेन्सिल तरी द्यायची!"

"पेन्सिलीचं खोडता येतं रे."

सहायक पेटीकडे धावला. पेटी रिकामी.

"चार उरली होती," बाई म्हणाल्या, "ती तापाने घरी पडलेल्यांच्या नावानं लिहून घेतली. बिचारी एरवी हुकली असती."

"बाई, ही पुस्तकं अजून... म्हणजे शिक्का..."

"असं कसं? मघाशीच आम्ही बातमीपत्र वाचलं ना. मुलांनो, काय लिहिलं होतं?"

सगळा वर्ग एका सुरात ओरडला, "पुस्तके कायमस्वरूपी विद्यार्थ्यांच्या स्वाधीन करण्यात आली!"

'कायमस्वरूपी' हा शब्द ओळ भरायला हवा म्हणून छापायला देताना त्यानेच घातला होता.

त्याच ओरड्यात साहेब आत आले. त्यांना वाटलं, आपलंच स्वागत. हसतमुखाने ते मध्ये उभे राहिले, सोबतच्या फोटोग्राफरने मोबाइलवरून थेट व्हिडिओही चालू केला, आणि मुलांनी ठरल्यासारखी आपापली पहिली पानं उघडून कॅमेऱ्यासमोर धरली. चोवीस नावं, निळ्या शाईत. काही तिरकी, एक चक्क उलटं.

साहेबांचं हसू जागच्या जागी राहिलं. ओठ न हलवता ते पुटपुटले, "हे काय रे?"

"साहेब, ते... चालू आहे व्हिडिओ."

साहेब उगाच आमदार झाले नव्हते. एक श्वास घेऊन ते मोबाइलकडे वळले. "बघा! नुसती पुस्तकं वाटून आम्ही थांबत नाही. प्रत्येक पुस्तकावर त्या मुलाचं नाव असलंच पाहिजे, असा माझा पहिल्यापासून आग्रह आहे."

"फार चांगला आग्रह आहे," बाई म्हणाल्या. "सगळ्याच शाळांत ठेवा."

निघताना सहायक रिकामी पेटी उचलायला वाकला, तर मुंगी समोर उभी. बोट पानात घातलेलं.

"काका, अस्वलाला घर सापडतं?"

"मला काय माहीत?"

"पुस्तक इतके दिवस तुमच्याकडेच होतं ना?"

त्याने बाईंकडे पाहिलं. बाई पलीकडे फळा पुसत होत्या. त्यांनी मागे वळूनही पाहिलं नाही.

"राहू देत काका," मुंगी म्हणाली. "मीच वाचते." आणि पट्टीच्या भिंतीला टेकून, अडखळत का होईना, मोठ्याने वाचायला लागली. बाईंच्या हातातलं फडकं मात्र थांबलं.

गाडीत बसताच सहायकाचा फोन वाजला. पुढच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. "साहेबांचा व्हिडिओ पाहिला हो! मुलांना पेनं देऊन बसवलंय."

साहेब ड्रायव्हरला म्हणाले, "पुस्तकांच्या दुकानाकडे घे." जरा वेळाने, "आणि त्या अकरा शाळांनीही व्हिडिओ पाहिला असेल का रे?"

"असेल, साहेब."

"मग मोठ्या दुकानाकडे घे."

दुकानदाराने सहायकाला लगेच ओळखलं. "या, या! फोटोपुरती देऊ का वाचायची?"

"वाचायची," सहायक म्हणाला.

दुकानदार गठ्ठे बांधत असताना फळीवर त्याला ते अस्वल दिसलं. तेच मुखपृष्ठ, अकरा वेळा स्वतःच्या हातांनी गोळा केलेलं. त्याने ते काढलं आणि काउंटरला टेकून उघडलं. बाहेर गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. शेवटी साहेब स्वतःच आत आले.

"अरे, तिकडे मुलं खोळंबलीत! करतोयस काय?"

"दोनच पानं राहिलीत, साहेब," पान उलटत गडबड्या म्हणाला.