पडद्यापलीकडची मानाची खुर्ची

आमच्याकडं लग्नात नवऱ्या मुलाचा बाप रुसतो. यात भांडणाचं काही नसतं. हळद लागते, अक्षता पडतात, तसा इवाई रुसतो. मग मुलीकडची चार माणसं जाऊन त्याचा रुसवा काढतात, कपाळाला गंध लावतात, टॉवेल-टोपीचा आहेर करतात, आणि इवाई मिशीत हसत पंगतीला येतो. न रुसणाऱ्या इवायाकडं लोक उलट संशयानं बघतात. मुलात काही खोट असणार, म्हणून बाप गप्प आहे, असं म्हणतात.

सुभेदार लालासाहेबांच्या लेकीच्या, दीपमालाच्या, लग्नात चुकलं ते एवढंच, की इवाई रुसला आणि ते कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

तसा दोष कुणाचाच नव्हता. कोरेगावच्या त्या मांडवात सोफा एकच होता आणि तो नवऱ्या मुलाच्या वडिलांसाठी, म्हणजे वाळव्याच्या बाळासोंसाठी, मांडलेला होता. ऐन वेळी साखर कारखान्याचे चेअरमन न कळवता आले आणि त्यावर बसले. चेअरमनला 'उठा' म्हणायची ताकद ऊस लावणाऱ्या माणसात नसते. बाळासोंच्या वाट्याला घडीची लोखंडी खुर्ची आली. ते उठले, मांडवामागं उभ्या असलेल्या ट्रॉलीच्या सावलीत जाऊन रुसून बसले, आणि कुणीतरी येईल म्हणून वाट बघू लागले. आत पंगती उठत होत्या, बसत होत्या. शेवटी ते सून घेऊन निघून गेले. आम्हाला वाटलं, पाहुण्यांना घाई असेल.

मीही त्या 'आम्हा'तच होतो. हे लग्न मी जमवलेलं. लग्न चांगलं निघालं तर नशीब चांगलं म्हणतात आणि बिघडलं तर मध्यस्थाचं नाव घेतात, हा नियम मला ठाऊक होता, तरी मी त्यात पडलो होतो.

न काढलेला रुसवा अंगात मुरतो. बाळासोंनी सुनेला दिवाळीला माहेरी पाठवलं नाही. पंचमीला पाठवलं नाही. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हे गाईगुरांनासुद्धा माहीत असेल. तेही त्यांनी मुंबईत, मुलाच्या, म्हणजे वीरधवलच्या, नोकरीच्या ठिकाणी करवलं. नातू झाला. पेढे आले, पण पोस्टानं.

कोरेगावातल्या बायका सुभेदारांच्या बायकोला, लीलाबाईंना, नळावर गाठून विचारू लागल्या, "का वं, लेक आली न्हाई व्हय बाळंतपणाला?" लीलाबाई घरी येऊन नवऱ्याला म्हणाल्या, "मुंबईला बारशाला निघालाय न्हवं? मग लेक आन नातू संगं घिऊन या. न्हाईतर तुमी बी तिकडंच ऱ्हावा."

सुभेदारांनी दोन लढाया बघितल्या होत्या. पण असा हुकूम त्यांना वरून कधी आला नव्हता.

तोडगा त्यांनी काढला तो असा. त्या वर्षी 'सुपर्ण' नावाच्या एका नव्या कंपनीनं कोल्हापूरहून मुंबईला स्वस्तातलं विमान सोडलं होतं. 'एस.टी.च्या माणसाला आता आकाश', अशी जाहिरात होती. पण स्वस्तातही पुढच्या दोन ओळींना त्यांनी 'विशेष वर्ग' नाव देऊन जादा भाडं लावलेलं. म्हणजे झुणका-भाकर केंद्रात फॅमिली रूम काढावी, तसं. सुभेदार म्हणाले, "अण्णा, एका सोफ्यानं घात केला. आता अशी खुर्ची देतो, की चेअरमनला बी बसाय मिळाली न्हाई. इवाई पुढं, आपुन दोघं मागं. रुसवा निघतो का न्हाई बघा."

मी वाळव्याला जाऊन निरोप दिला. बाळासो ओट्यावर बसले होते. त्यांनी मला पाणी दिलं, चहा दिला, आणि उसाकडं बघत विचारलं.

"पुढची खुर्ची म्हंजे किती पुढची?"

"तुमच्या पुढं फक्त ड्रायव्हर."

"आन सुभेदार?"

"मागं."

"मागं म्हंजे किती मागं?"

"शेपटाला."

बाळासोंनी कपबशी खाली ठेवली. "बगा बाबा. म्या काय मागितलं न्हाई. तुमीच म्हणताय म्हणून येतो."

मुंबईला जायचं म्हणून आम्ही कोरेगावहून मुंबईकडं पाठ करून एस.टी.नं कोल्हापूरला गेलो. जेवढ्या वेळात आम्ही विमानापर्यंत पोचलो, तेवढ्यात मुंबई आली असती. पण मानाला असा हिशेब लावत नाहीत. लीलाबाईंनी बारशाच्या आहेराची पिशवी माझ्याकडं दिली होती. सुभेदारांवर त्यांचा तेवढा विश्वास नव्हता.

बाळासो गुलाबी फेटा बांधून आले होते. सुभेदारांनी हात जोडले. बाळासोंनी फेट्याला हात लावला, पण नजर दिली नाही. रुसलेल्या माणसानं एवढं सांभाळायलाच लागतं.

विमान लहान होतं, पंख्याचं. आत शिरल्यावर विशेष वर्ग ओळखता आला, कारण तिथल्या खुर्च्यांच्या डोक्याला पांढरी फडकी होती. बाकी खुर्ची तीच, गुडघे तिथंच. हवाईसुंदरी हसून इंग्रजीत बोलत होती. छातीवरच्या पट्टीवर नाव होतं स्वप्ना. तिनं बाळासोंना खिडकीजवळ बसवलं. शेजारची खुर्ची रिकामी होती.

"हितं कोण येनार हाय?" बाळासोंनी विचारलं.

"नो वन, सर. विशेष वर्गात शेजारची सीट रिकामीच ठेवतो."

"मग पान मांडून ठिवलंय कशाला?"

रिकाम्या पानाशेजारी जेवायला बसायची आमच्याकडं पद्धत नाही. तिला ते कळलं की नाही, कोण जाणे. ती पुन्हा हसली. बाळासो अवघडून बसले. पण अजून चेहरा बरा होता. मागून येणारी माणसं त्यांच्याकडं बघत पुढं सरकत होती, आणि ते प्रत्येकाला आपला फेटा नीट दिसेल अशी मान धरून होते. मी सुभेदारांना कोपरानं ढोसलं. ते म्हणाले, "निघतोय. निघतोय रुसवा."

विमान वर चढलं, पट्ट्याचा दिवा विझला, आणि स्वप्नानं मधला पडदा ओढला.

हे आमच्या हिशेबात नव्हतं. पडदा ओढल्याबरोबर बाळासो आमच्याही नजरेआड झाले आणि जगाच्याही. पुढं फक्त ते आणि एक झोपलेले मारवाडी गृहस्थ. मान मिळाला, पण बघायला कोणी नाही. अंधारात नेसलेल्या पैठणीसारखं. थोड्या वेळानं पडद्याच्या फटीतून एक गुलाबी फेटा डोकावला. आम्ही हात केला. स्वप्नानं पडदा ओढला. पुन्हा फट पडली, पुन्हा फेटा आला. स्वप्नानं अगदी गोड हसून पडद्याची बटणं लावली.

"काय तरी बिघडतंय," सुभेदार म्हणाले. त्यांना आम्हा सर्वांसारखी एक लिमलेटची गोळी मिळाली होती. ती त्यांनी तोंडात तशीच धरली.

पुढं पडद्याआड काय झालं, ते मला नंतर दोन्ही बाजूंनी कळलं. स्वप्नानं एका तबकातून एक पांढरा शुभ्र, वाफा निघणारा, अत्तराचा वास येणारा टॉवेल आणला आणि चिमट्यानं बाळासोंच्या पुढं धरला. बाळासोंच्या डोळ्यांत पाणी आलं म्हणतात. पाणी वाफेचंही असेल. टॉवेल रुमालाएवढाच होता, पण आहेराला कुणी गजानं मोजत नाही. त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला, कपाळाला लावला आणि खांद्यावर टाकला. मग समोर बघत शांतपणे टोपीची वाट बघू लागले.

टोपी काही येईना. स्वप्ना आली. तबक घेऊन आली, आणि चिमटा पुढं करून म्हणाली, "टॉवेल, सर?"

"हाय की," बाळासो म्हणाले, "खांद्यावर हाय."

"मला परत द्या, सर."

लग्नात सोफा गेला होता. आता आकाशात आहेर परत मागत होते. पडद्याची बटणं तटातटा तुटल्याचा आवाज आला आणि बाळासो मधल्या वाटेत उभे राहिले. फेटा तिरका, खांद्यावर रुमालाएवढा टॉवेल, आणि मागं चिमटा घेऊन स्वप्ना.

"सुभेदार!" ते गरजले. सगळं विमान वळून बघू लागलं. "मांडवात बोलवून तवा लोखंडावर बसिवलं. म्या गप ऱ्हायलो. आज आभाळात आणून आहेर दिला, आन दिलेला आहेर माघारी मागत्यात? चला, उतरा खाली!"

"आवं पावणं," सुभेदार उठत म्हणाले, "खाली पुण्याच्या अलीकडचा डोंगर हाय."

"आसंल! म्या न्हाई बसत. आन सून बी पाठवत न्हाई. कोरेगावला सांगा जावा!"

सुभेदारांचा चेहरा पांढरा पडला. गोळी गिळली गेली असावी. माझ्या डोळ्यांपुढं लीलाबाई उभ्या राहिल्या. इतकं विमान, इतका खटाटोप, आणि दीपमालाचं माहेर एका ओल्या फडक्यात अडकलं होतं.

तेवढ्यात स्वप्ना इंग्रजी विसरली. "आवं दादा," ती म्हणाली, "मला काय ठावं तुमी आहेर समजलाय? ह्यो तोंड पुसायचा हाय! माज्या नोकरीवर येतंय वं, सगळं मोजून घेत्यात."

बाळासो थबकले. "तू कुनीकडची गं?"

"लोणंदची. बाबा रेल्वेत हायती."

"लोणंदची हायस, आन तुला टॉवेल-टोपी म्हाईत न्हाई?"

"म्हाईत हाय की. पर आमच्यात टॉवेल-टोपी देत्यात, तवा कुणी चिमट्यानं देतं व्हय?"

यावर पाचव्या ओळीतला कुणीतरी फसकन हसला. बाळासोंनाही चिमट्याचा मुद्दा पटलेला दिसला. ते टॉवेलाकडं जरा नव्यानं बघू लागले. एवढी उसंत पुरे होती. मी पायाखालची पिशवी ओढली. लीलाबाईंनी सगळं भरलं होतं: बारशाला द्यायचा मोठा टॉवेल, कडक इस्त्रीची टोपी, कुंकवाची पुडी.

सुभेदारांनी पिशवी बघितली, मग इवायाकडं बघितलं. पलटणीत अंग ताठ करायला शिकलेला हा माणूस मधल्या वाटेत वाकला.

"पावणं," ते म्हणाले, "लग्नात तुमी रुसला, ते आमाला कळलंच न्हाई. ट्रॉलीमागं बसला हुता, ते लय उशिरा कुणीतरी सांगितलं. कळल्यावर तरी लगेच याय पायजे हुतं. म्या लाजलो. उशीर झाला."

बाळासोंनी कपाळ पुढं केलं.

स्वप्नानं तबक धरलं. सुभेदारांनी बोट कुंकवात बुडवलं आणि नेमकं तेव्हाच विमान ढगात शिरून हादरलं. गंध कपाळाच्या ऐवजी नाकाच्या शेंड्यावर लागलं. कुणी हसलं नाही. दुसऱ्या वेळी सुभेदारांनी डाव्या हातानं इवायाचं डोकं धरून, पलटणीत नेम धरतात तसा नेम धरला आणि बरोबर कपाळावर लावलं. मोठा टॉवेल खांद्यावर आला, टोपी फेट्याच्या वर बसवली. विमानातल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शेपटाकडच्या दोघाचौघांना दिसेना, म्हणून ते खुर्च्यांवर गुडघे टेकून बघत होते. बाळासो हळूहळू गोल फिरले, म्हणजे सगळ्यांना दिसावं. झोपलेले मारवाडी गृहस्थ जागे झाले आणि हे तिकिटात आहे का, म्हणून विचारू लागले.

मग बाळासो पुढं गेलेच नाहीत. माझ्या खुर्चीकडं बोट करून म्हणाले, "अण्णा, तुमी बसा जावा पुढं. हितं माणसं हायती."

म्हणून उरलेला प्रवास विशेष वर्गात मी केला. काजू चांगले होते. पडद्याला आता बटणं राहिली नव्हती, त्यामुळं मागचं सगळं ऐकू येत होतं.

"सुभेदार, रुसवा काय मनानं सोडता येतो व्हय? म्या लग्नाच्या दुसऱ्या दिशीच सोडला असता. पर कुणी काढाय येईना, मग सोडणार कसा? सून रडायची. मलाच वंगाळ वाटायचं."

"मग आता?"

"आता काय, बारसं झालं की घिऊन जावा दोघास्नी. पोरगं रांगाय लागंस्तोवर ठिवा. आन दिवाळीला मी येणार."

"या की. दोन सोफे आणतो."

"एकच आणा. पर चेअरमनला कळवू नगा."

उतरताना स्वप्ना दारात उभी होती. बाळासोंच्या एका खांद्यावर मोठा टॉवेल होता, दुसऱ्यावर अजून तो छोटा. तिनं त्याकडं बघितलं, मग बाळासोंकडं. "ऱ्हाऊ द्या दादा," ती म्हणाली, "धुताना हरवला म्हणीन." बाळासोंनी खिशातून आपली लिमलेटची गोळी काढून तिच्या हातावर ठेवली. ती त्यांना मागं बसल्यावर मिळाली होती.

दीपमाला आणि नातू रेल्वेनं कोरेगावला आले. लीलाबाई नातवाला कडेवर घेऊन दिवसातून दोनदा नळावर जाऊ लागल्या, घरात आता नळ आला असतानाही.

पुढच्या वर्षी सुपर्ण कंपनी बंद पडली. पेपरात कर्ज, इंधन, स्पर्धा अशी पुष्कळ कारणं आली होती. दिवाळीला बाळासो कोरेगावला आले, तेव्हा मी सोफ्यापाशी जाऊन त्यांना ती बातमी सांगितली. नातू त्यांच्या मांडीवर तो छोटा टॉवेल चोखत बसला होता.

"पडणारच," बाळासो म्हणाले. "दिलेला टॉवेल माघारी मागणारी कंपनी किती दिस टिकंल?"